घरचे बिनतारी केंद्र आणि त्याची कसोटी

इ. स. १९२४ च्या ऑक्टोबर महिन्यातील १८ वी तारीख. लंडन शहराच्या उत्तरेस मिल हिल नावाची एक शाळा आहे. त्या शाळेतील सेसिल गॉयडर नावाचा अठरा वर्षांचा एक विद्यार्थी त्या दिवशी सकाळी कानांस श्रवणयंत्र लावून शाळेतील आपल्या बिनतारी यंत्रापुढे बसला होता. त्याच घटकेस पृथ्वीच्या पाठीवर जवळजवळ त्याच्या पायांखाली, न्यूझीलंडमधील शॅग व्हॅली येथील मेंढपाळीच्या वाडीवर, सायंकाळ होत होती; आणि तेथे फ्रँक बेल नावाचे एक हौशी गृहस्थ आपल्या यंत्रावरून मोर्सच्या लिपीत हाका घालीत होते. त्या मुलाने ती हाक ऐकली, तिला उत्तर दिले, आणि ते उत्तर शॅग व्हॅलीत पोहोचले. मध्ये सुमारे १९,००० किलोमीटरांचे अंतर! इंग्लंड व न्यूझीलंड ह्या दोन देशांमध्ये बिनतारी संदेशांची झालेली ही पहिलीच दुतर्फा देवघेव होय. आणि ती कोणा मोठ्या कंपनीने किंवा सरकारी खात्याने केली नसून एका शाळकरी मुलाने व एका शेतमालकाने केली, ही गोष्ट आमच्या विद्यार्थी वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी.

ह्यातील मर्म कोणते, असे कोणी विचारील तर आम्ही सांगू की, त्या मुलाने ऐकले. बोलणारे जगात पुष्कळ असतात. परंतु कडकडाटातून व खरखरीतून एक क्षीण हाक ओळखून काढणारा कान दुर्मिळ असतो. हौशी रेडियोची सारी विद्या, व तिच्या ज्या शर्यती दरवर्षी जगभर होतात त्यांचे सारे सार, ह्या एका ऐकण्यात आहे. तेच आज आम्ही थोडक्यात मांडणार आहो.

हौशी बिनतारी म्हणजे काय?

पैशाच्या लाभाकरिता नव्हे, तर ज्ञानाच्या व स्नेहाच्या आवडीने जो मनुष्य स्वतःचे बिनतारी केंद्र चालवितो, त्यास हौशी म्हणावयाचे. ह्यांसच सर्वत्र 'हॅम' असे म्हणण्याचा प्रघात आहे. हवे त्याने हवे तेव्हा यंत्र लावून बोलावे, असा मात्र हा प्रकार नाही. विजेची व रेडियोची मूलतत्त्वे आणि त्याविषयीचे नियम ह्यांची परीक्षा देऊन सरकारकडून परवाना घ्यावा लागतो. परवान्यावाचून संदेश पाठविणे हा गुन्हा आहे. परवान्याबरोबर प्रत्येकास एक सांकेतिक नाव मिळते. आपल्या देशातील अशी नावे सामान्यतः 'व्ही यू' ह्या अक्षरांनी सुरू होतात. हे नाव जगात दुसऱ्या कोणाचेही नसते, म्हणून ते ऐकताच हा मनुष्य कोणत्या देशाचा हे कळते.

ह्या हौशी लोकांच्या वाट्यास आखूड लहरी आल्या, त्याची हकीकत मोठी मौजेची आहे. त्या काळी लांब लहरीच दूर जातात, आखूड लहरी निरुपयोगी, असा पंडितांचाही समज होता. म्हणून अमेरिकेत १९१२ साली झालेल्या कायद्याने हौशी लोकांस २०० मीटर व त्याहून आखूड लहरींवर लोटून दिले. टाकाऊ म्हणून दिलेल्या त्या जमिनीत त्यांनी सोने पिकविले. १९२३ च्या नोव्हेंबरात फ्रान्समधील लेऑन देलॉय ह्यांनी सुमारे १०० मीटरांच्या लहरीवर अटलांटिक महासागरापलीकडील अमेरिकन हौशी मंडळीशी दुतर्फा संभाषण केले. आणि पुढच्याच वर्षी गॉयडर व बेल ह्यांनी पृथ्वीच्या दोन टोकांची गाठ घातली.

केंद्राची मांडणी

आता घरचे केंद्र कसे उभारावे ते पाहू. आरंभी पुष्कळांची समजूत अशी असते की, मोठे व महाग यंत्र घेतले की केंद्र झाले. आमचा अनुभव उलट आहे. खोलीच्या आत असते त्यापेक्षा खोलीच्या बाहेर जे असते, त्यावर केंद्राची योग्यता अधिक अवलंबून राहते.

खोलीत मुख्य वस्तू तीन. पहिली, संदेश घेणारे व पाठविणारे एकत्र यंत्र, ज्यास ट्रान्सीव्हर म्हणतात. दुसरी, त्यास वीज पुरविणारे साधन. शंभर वॅट शक्तीचे यंत्र बोलते वेळी १३.८ व्होल्ट दाबाने सुमारे २० अँपिअर प्रवाह ओढते, म्हणून हे साधन भक्कम असावे, व वीज गेल्यास चालावे म्हणून जवळ १२ व्होल्टची बॅटरी भरून ठेवावी. तिसरी वस्तू म्हणजे टिपणवही. कोणत्या केंद्राशी, कोणत्या वेळी, कोणत्या लहरीवर बोलणे झाले, हे तीत लिहावयाचे. आज बहुतेक लोक ही वही संगणकात ठेवतात. परंतु वहीचे व्रत तेच आहे. वेळ मात्र जगाच्या समान घड्याळाची, म्हणजे आपल्या घड्याळाहून साडेपाच तास मागे असलेली, लिहावी लागते.

खोलीबाहेरची वस्तू म्हणजे एरियल. नवशिक्याने एक साधी तार मध्यभागी तोडून दोन सारख्या भुजांची करावी, व मधल्या तुटीपासून केबल खोलीत आणावी. तारेची लांबी काढण्याचे गणित सोपे आहे: १४३ ह्या संख्येस लहरीच्या मेगाहर्ट्झांनी भागावे, म्हणजे मीटरांत लांबी येते. उदाहरणार्थ, १४.१ मेगाहर्ट्झकरिता १४३ भागिले १४.१, म्हणजे सुमारे १०.१ मीटर; प्रत्येक भुजा ५ मीटरांहून किंचित अधिक. ७.१ मेगाहर्ट्झकरिता सुमारे २०.१ मीटर, आणि गंमत अशी की, ही दुसरी तार तिप्पट कंपनसंख्येवर, म्हणजे २१ मेगाहर्ट्झवरही, बरीच चांगली चालते. एका तारेत दोन लहरी साधतात!

तार कोणत्या दिशेने ताणावी, हाही विचार हवा. उंचावर ताणलेली अशी तार आपल्या टोकांकडे थोडे व आपल्या दोन्ही कुशींकडे अधिक फेकते. महाराष्ट्रातून यूरोप वायव्येस व ऑस्ट्रेलिया आग्नेयेस पडते. म्हणून तार ईशान्य-नैर्ऋत्य अशी ताणली, तर ह्या दोन्ही खंडांकडे तिची कूस राहते. तार जितकी उंच तितकी दूरची गाठ चांगली. १४ मेगाहर्ट्झकरिता १० मीटरांची उंची मिळाल्यास उत्तमच. परंतु गच्चीवरील एका बांबूवर मध्य उचलून दोन्ही भुजा उतरत्या सोडल्या, तरीही काम भागते. विजेच्या तारांजवळ मात्र एरियल कधीही नेऊ नये, व गडगडाट सुरू होताच केबल यंत्रापासून सोडून ठेवावी. ह्या दोन गोष्टींत हयगय झाल्यास प्राणाशी गाठ आहे.

शक्ती वाढवावी की तार सुधारावी, हा प्रश्न प्रत्येकास पडतो. त्याचे उत्तर अंकांनीच द्यावे. १०० वॅटांचे ४०० वॅट केले, तर पलीकडच्या यंत्रावरील काटा रूढ मापाप्रमाणे अवघे एक घर पुढे सरकतो. आणि आपणांस ऐकू येणाऱ्या आवाजात तर तिळभरही वाढ होत नाही. उलट, तार उंच व नीट केली तर जाणारा आवाजही सुधारतो आणि येणारा आवाजही. मोठ्याने ओरडणारा बहिरा मनुष्य होण्यात काय अर्थ आहे?

ह्या बाबतीत आमचीच एक चूक सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही केबलचा वरचा सांधा उघडाच ठेवला. पावसाळा गेला, ऑक्टोबर उजाडला, आणि यंत्र जणू मुके व बहिरे झाले. आठ दिवस आम्ही यंत्रास दोष देत होतो. अखेर सांधा सोडला, तो केबलीतून चक्क पाणी ठिबकले! तेव्हापासून मृगापूर्वी प्रत्येक सांधा रबरी पट्टीने घट्ट बांधावयाचा, हा आमच्या घरी नेम झाला आहे.

आकाशाचे वेळापत्रक

आखूड लहरी एवढ्या दूर कशा जातात? पृथ्वी तर गोल, व लहरी सरळ जाणाऱ्या. सूर्याच्या किरणांनी वातावरणाच्या अतिउंच भागात विद्युत्कणांचे थर निर्माण होतात. ते थर लहरींना वाकवून पुन्हा जमिनीकडे पाठवितात. असा थर असावा हे अनुमान केनेली व हेविसाइड ह्यांनी १९०२ सालीच केले होते. परंतु प्रयोगाने ते सिद्ध केले इंग्लंडमधील अ‍ॅपलटन ह्यांनी, १९२४ च्या डिसेंबरात. म्हणजे गॉयडरच्या त्या सकाळीनंतर दोनच महिन्यांनी! ह्या संशोधनाबद्दल अ‍ॅपलटन ह्यांस १९४७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ह्या थरांचे स्वरूप वेळेप्रमाणे पालटते. सामान्यतः १४, २१ व २८ मेगाहर्ट्झच्या लहरी दिवसाच्या, तर ७ व ३.५ मेगाहर्ट्झच्या रात्रीच्या. सूर्यावरील डागांचे सुमारे ११ वर्षांचे एक चक्र असते. डाग पुष्कळ असता २८ मेगाहर्ट्झवर थोड्या शक्तीतही जग हाती येते, व डाग ओसरले की तीच लहर दिवसचे दिवस मुकी राहते. सूर्योदय व सूर्यास्त ह्यांच्या संधीस मात्र कित्येकदा अनपेक्षित दारे उघडतात. गॉयडर सकाळी व बेल सायंकाळी बसले होते, ते आठवावे. शेतकऱ्यास जशी नक्षत्रे, तशी हौशी मनुष्यास ही आकाशाची वेळ माहीत असावी लागते.

शर्यत कशी असते?

घरचे केंद्र उभे राहिले. आता ते कितपत चांगले, हे कसे समजावे? ह्याचकरिता शर्यती आहेत. अमेरिकेतील हौशी संघाने १९२७ साली देशोदेशींच्या केंद्रांचा असा पहिला मेळा भरविला, व आज वर्षातील बहुतेक शनिवार-रविवारी कोठे ना कोठे अशी शर्यत चालू असते. त्यांपैकी 'सी क्यू वर्ल्ड वाइड' ही सर्वांत गाजलेली. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी ती बोलण्याची, व नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी मोर्सची, अशी दोनदा होते. आपल्याकडे ती शनिवारी पहाटे साडेपाचास सुरू होऊन सोमवारी पहाटे साडेपाचास संपते; म्हणजे पुरे अठ्ठेचाळीस तास.

ह्या वेळात जगातील जास्तीत जास्त केंद्रांशी, जास्तीत जास्त देशांशी गाठ घालावयाची. प्रत्येक भेटीत दोघांनी परस्परांची नावे व एक छोटासा मजकूर बरोबर घ्यावयाचा. जगाचे ४० विभाग केले आहेत व भारताची मुख्य भूमी २२ व्या विभागात येते. म्हणून आपण आवाजाचा निर्वाळा देऊन '५९, २२' असे म्हणतो. दुसऱ्या खंडातील केंद्रास ३ गुण, आपल्याच खंडातील परदेशास १ गुण, आणि आपल्या देशातील केंद्रास शून्य. मग प्रत्येक लहरीवर मिळालेले देश व विभाग मोजून त्यांची बेरीज करावयाची, व तिने गुणांस गुणावयाचे.

समजा, १०० भेटी झाल्या: ७० परखंडातील, २० आशियातील, १० भारतातील. गुण झाले २१० अधिक २०, म्हणजे २३०. देश ३० व विभाग १५ मिळाले असतील, तर गुणक ४५. २३० गुणिले ४५ म्हणजे १०,३५०. आता आणखी एक परखंडातील भेट झाली, पण देश व विभाग जुनेच, तर १३५ वाढतात. तीच भेट एखाद्या नव्या देशाची असेल, तर २३३ गुणिले ४६ म्हणजे १०,७१८. वाढ ३६८ ची! यावरून दिसेल की, एकाच जागी बसून भराभर हाका मारण्याबरोबर लहरीवर हिंडून नवी व क्षीण केंद्रे शोधणेही अगत्याचे आहे. ह्या दोहोंचा तोल ज्यास साधतो तो पुढे जातो. लहान केंद्रांनी निराश होण्याचे कारण नाही; शंभर वॅटांपर्यंतच्यांचा वर्ग निराळा व अवघ्या पाच वॅटांच्यांचा निराळा असतो.

न ऐकलेले लिहू नये

शर्यत संपल्यावर प्रत्येकाने आपले टिपण पाठवावयाचे असते, व ती सर्व टिपणे परस्परांशी ताडून पाहतात. नाव चुकले असल्यास ती भेट रद्द होते, आणि वर दंड म्हणून आणखी गुण कापले जातात. दंड कशासाठी? अनुमानाने लिहिण्याची सवय लागू नये, ह्यासाठी.

आमच्या पहिल्या शर्यतीत ही गोष्ट आम्ही मोल देऊन शिकलो. मोर्समध्ये 'एस' म्हणजे तीन टिंबे, 'एच' म्हणजे चार, व '५' म्हणजे पाच. परतीच्या पावसाच्या विजा कडाडत होत्या. एक केंद्र आम्हांस अर्धवट ऐकू आले. पुन्हा विचारावयास दहा सेकंद लागले असते. ते न विचारता आम्ही 'एस असेल' म्हणून लिहून मोकळे झालो. महिन्यांनी निकाल हाती आला, तेव्हा अशा नऊ भेटी आमच्या नावावरून खोडलेल्या होत्या. कोणी पाहत नाही अशा खोलीत, मध्यरात्री, आपण जे लिहितो ते खरेच ऐकले होते काय, हा प्रश्न गुणांपुरता नाही.

परंतु त्याहूनही एक गोष्ट आम्हांस अधिक बोचते. दुसऱ्या रात्री ७ मेगाहर्ट्झवर कोणी एक अगदी क्षीण केंद्र आम्हांस हाक मारीत होते. नावातील दोनच अक्षरे लागली. चार-पाच वेळा त्याने धीर धरून हाक दिली. जोराचे दुसरे केंद्र आले, व आम्ही घाईने तिकडे वळलो. पुन्हा शोधले तो ते नाहीसे झाले होते. शर्यतीत ह्याने फारसे बिघडले नाही. मात्र पुढे २००४ सालची हकीकत वाचली, तेव्हा ते केंद्र आम्हांस आठवले.

त्या वर्षीच्या डिसेंबरात हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडियो संस्थेची मंडळी श्रीमती भारती प्रसाद ह्यांच्या पुढारपणाखाली अंदमानात पोर्ट ब्लेअर येथे गेली होती. अंदमानातून हौशी केंद्र बोलणे ही जगातील शर्यतखोरांस पर्वणीच. हजारो केंद्रे त्यांस हाका घालीत होती, व मंडळी झपाट्याने त्यांस उत्तरे देत होती. २६ डिसेंबर रोजी समुद्राच्या तळाशी प्रचंड भूकंप झाला व त्सुनामीच्या लाटा बेटांवर आदळल्या. दळणवळण तुटले. तत्क्षणी त्या बाईंनी हौसेचे काम थांबविले, आणि तीच यंत्रे, तीच तार, तीच बोटे संकटग्रस्तांचे निरोप मुख्य भूमीस पोहोचविण्याच्या कामी लावली. कोण सुखरूप आहे, कोणास काय हवे, हे घरोघरी कळू लागले. आदल्या दिवशी ज्या कानांनी गर्दीतून एकेक नाव अचूक टिपले होते, त्याच कानांस आता हे निरोप अचूक टिपावयाचे होते. तेथे 'असेल' म्हणून लिहिणे चालणार नव्हते, आणि क्षीण आवाज सोडून जोरदार आवाजाकडे वळणेही चालणार नव्हते.

म्हणून शर्यत हा केवळ खेळ नव्हे, असे आम्ही मानतो. अमेरिकेत १९३३ साली सुरू झालेला 'फील्ड डे' नावाचा मेळा दरवर्षी जूनमध्ये होतो. त्यात मंडळी रानात तंबू ठोकून, बॅटरीवर यंत्रे चालवून चोवीस तास बोलतात. हेतू हाच की, संकट येण्यापूर्वी सांधे, बॅटऱ्या, तारा व माणसे ह्यांची परीक्षा व्हावी.

उपसंहार

तो मिल हिलचा विद्यार्थी पुढे काय झाला, हे सांगून हा लेख संपवू. सेसिल गॉयडर १९३६ साली आपल्या देशात आला व ऑल इंडिया रेडियोचा मुख्य अभियंता म्हणून त्याने दहा वर्षे काम केले. ज्या आखूड लहरींची ओळख त्यास शाळेत झाली होती, त्याच लहरींच्या साहाय्याने ह्या अफाट देशाच्या कानाकोपऱ्यांत आवाज पोहोचविण्याच्या कामी तो येथे झटला. शाळेत लागलेला नाद कोठवर नेतो, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आमच्या विद्यार्थी वाचकांपैकी ज्यांस गोडी वाटेल, त्यांनी आधी एखाद्या परवानाधारक हौशी गृहस्थाच्या घरी शर्यतीच्या रात्री जाऊन एक तास नुसते बसावे. बोलू नये, कागद-पेन्सिल घेऊन जेवढे कानी पडेल तेवढेच लिहावे, व जे कळले नाही तेथे जागा कोरी सोडावी. ती कोरी जागा प्रामाणिकपणे सोडता आली, की केंद्राचा पाया बसला असे समजावे. तार आणि यंत्र मागाहून येईल.